पेठेत बाई अर्धा तास जास्त थांबली पाहिजे

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तालुक्याचं गाव, ३०-३५ हजार वस्ती, एसटी स्टँडपासून देवळापर्यंत जुनी पेठ. पाच वर्षांपूर्वी बायपास झाला, तेव्हापासून गिऱ्हाईक कमी कमी होत गेलं, रात्री आठला सामसूम, बरीच शटर कायमची खाली. तुमचं आजोबांपासूनचं कापडदुकान आहे आणि आता नगरपरिषद पेठेत पेव्हर ब्लॉक, कमान आणि शोभेचे दिव्याचे खांब लावायचा ठराव आणतेय. तुम्ही विचारलंय की याने पेठ परत उभी राहील का, आणि नाही तर सुरुवात कुठून करायची.

मी आर्किटेक्ट आहे, गेली २२ वर्षं छोट्या नगरपरिषदांबरोबर बाजारपेठा, मंडया, घाट असलीच कामं करतेय. कमानीने पेठ उभी राहत नाही हे आधीच सरळ सांगते. कमान बघायला कोणी बाजाराला येत नाही. पेव्हरचं तर मी एका गावात डोळ्यांनी पाहिलंय, ठेकेदाराने जुना डांबरी थर खरवडलाच नाही, त्याच्यावरच वाळू टाकून ब्लॉक बसवले, रस्ता वीतभर वर आला आणि दुकानांचे जोते आपोआप खाली गेले. पहिल्या वळवाच्या पावसात पाणी सरळ दुकानांत, किराणावाल्याची साखरेची पोती खालून भिजली, आणि रात्री अकराला सगळी आळी बादल्या घेऊन पाणी उपसत होती. त्यामुळे ठराव मंजूर होणारच असेल तर निदान एवढं तरी टेंडरमध्ये लिहून घ्या की रस्त्याची आत्ताची पातळी वाढणार नाही, आधी गटार आणि मग वरचं काम. बैठकीला फोटो घेऊन जा, प्रत्येक दुकानाच्या पायरीला टेप लावून काढलेला, त्याच्यापुढे बोलणं सोपं जातं.

आता मूळ मुद्दा. तुमचं कापडदुकान आहे म्हणून बस्त्याचं उदाहरण घेते, कारण पेठ का गेली हे बस्त्यात जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसऱ्या कशात दिसत नाही.

अशाच एका पेठेत मी कामानिमित्त कापडदुकानात बसले होते, पलीकडे बस्ता चालू होता. दोन जीप भरून माणसं आलेली, पंधरा-सोळा जण, त्यातल्या दहा बायका. गादीवर साड्यांचा ढीग, मालक स्वतः घड्या मोडून दाखवतोय, चहा दोनदा झालेला. तासा-दीड तासाने एका आजीने दुकानातल्या मुलीला जवळ बोलावून कानात काहीतरी विचारलं. मुलगी मालकाकडे गेली, मालकाने आजीला बोळातून मागे आपल्या घरी पाठवलं. आजी गेली, तिच्यामागे अजून दोघी गेल्या, बाकीच्या संकोचाने बसूनच राहिल्या. मग वीस मिनिटांत ‘चला उरकू या आता’ सुरू झालं. मानपानाच्या साड्या झाल्या, पण नवऱ्याकडचं, लहान मुलांचं, टॉवेल-टोपी सगळं राहिलं. मालक म्हणाला उद्या या. ते उद्या येत नाहीत, उरलेलं जिल्ह्याच्या गावातल्या चार मजली शोरूममध्ये घेतात, आणि घरातलं पुढचं लग्न पहिल्यापासूनच तिकडे जातं. मालकाला वाटत होतं शोरूमवाला रेट पाडतो. मी दोन्हीकडच्या साड्या बघितल्या, रेटमध्ये फारसा फरक नव्हता, उलट इथे घासाघीस करून थोडं कमीच पडलं असतं. तिकडे लिफ्ट होती, बायकांसाठी स्वच्छ संडास होता, पोरांना झोपवायला कोपरा होता आणि खाली थाळी मिळत होती, एवढाच काय तो फरक.

बस्ता गेला की फक्त कापडवाल्याचं जात नाही. बस्त्याला आलेली माणसं भांडी बघतात, सोनाराकडे डोकावतात, बांगड्या भरतात, पत्रिकेचा नमुना ठरवतात, मिसळ खातात, जाताना भाजी घेतात. एक बस्ता म्हणजे दहा-बारा दुकानांच्या गल्ल्यात थोडे थोडे पैसे. म्हणून पेठेचं काम हातात घेतलं की मी पहिला प्रश्न हाच विचारते, खेड्यातून आलेली बाई इथे किती वेळ थांबू शकते. बाजाराच्या दिवशी सकाळच्या एसटीने येणाऱ्या बायका घरून निघताना पाणी पीत नाहीत हो, कारण त्यांना माहितीय की पेठेत जायला जागा नाही. मग अकरा-साडेअकराला त्यांचं डोकं दुखायला लागतं आणि मिळेल त्या गाडीने त्या परत. ती बाई अर्धा तास जास्त थांबली तर पेठ जगते, असं माझं इतक्या वर्षांनंतरचं ठाम मत झालंय, आणि तिला काय लागतं? स्वच्छतागृह, प्यायचं पाणी, सावली आणि टेकायला जागा. चारही गोष्टी मिळून कमानीपेक्षा स्वस्त पडतात.

स्वच्छतागृह बांधणं सोपं आहे, चालवणं अवघड. बऱ्याच गावांत बांधलेलं असतंच पण कुलूप असतं, किल्ली आरोग्य विभागातल्या कोणाकडे तरी असते आणि तो माणूस जेवायला गेलेला असतो. त्यामुळे ठरावात बांधकामाची रक्कम मागू नका, राखणीची मागा. सकाळी आठ ते रात्री नऊ दोन पाळ्या, दर पाळीला एक बाई पगारावर, पाणी, दिवा, आतून लागणारी कडी, पिशवी अडकवायला खुंटी. खुंटीचं हसण्यावारी नेऊ नका, हातात दोन जड पिशव्या असलेली बाई ओल्या जमिनीवर त्या ठेवत नाही, ती आत जातच नाही. आणि नगरपरिषद हलेपर्यंत तुम्ही थांबू नका, तुमच्या रांगेतल्या चार-पाच दुकानदारांच्या मागे घरं असतीलच, त्यातलं एक स्वच्छतागृह नीट करून घ्या, खर्च वाटून घ्या आणि दुकानाबाहेर मोठ्या अक्षरात पाटी लावा. कानात विचारायची वेळच येता कामा नये.

हे चालू असताना दुसरीकडे मोजायला घ्या, त्याला खर्च काहीच नाही. शंभर पानी वही घ्या, पेठेचा हाताने नकाशा काढा, प्रत्येक दुकानाला नंबर द्या आणि बाजाराचा एक दिवस आणि एक साधा दिवस असं दोनदा फिरा. कुठलं शटर उघडं, कुठलं बंद, कुठे नुसतं गोडाऊन झालंय, माडीवर कोणी राहतं का. आणि एका ओट्यावर बसून सकाळी दहा, दुपारी एक, संध्याकाळी सहा आणि रात्री आठ, दर वेळी पंधरा मिनिटं, येणारीजाणारी माणसं मोजा, बायका वेगळ्या, म्हातारी माणसं वेगळी. कॉलेजची पोरं हे काम फार छान करतात. पेठ मेली पेठ मेली असं सगळेच म्हणत असतात, आकडा कोणाकडेच नसतो, आणि मुख्याधिकाऱ्यांपुढे आकडा असलेल्या माणसाचं ऐकलं जातं.

बंद शटरांची कारणं घरोघर जाऊन विचारावी लागतील आणि तिथे खरी गुंतागुंत आहे. काही ठिकाणी भावांची वाटणी अडलेली. काही ठिकाणी पन्नास वर्षांपूर्वीचा भाडेकरू, भाडं महिन्याला शे-दीडशे रुपये, तो धंदा करत नाही पण जागा सोडत नाही, आणि मालक एवढ्या भाड्यात छपराचं कौलसुद्धा बदलत नाही. आणि बऱ्याच ठिकाणी मालकाला भीती, की एकदा दिलं की गेलं. ही भीती हवेतून आलेली नाही. १ फेब्रुवारी १९७३ ला जे लोक लायसन्सवर, म्हणजे भाडेकरूचा हक्क नसताना नुसत्या वापराच्या परवानगीवर, जागेत होते त्यांना तेव्हाच्या भाडे कायद्यातल्या दुरुस्तीने भाडेकरूच मानलं गेलं, ते त्या पिढीने पाहिलंय आणि पोरांना सांगून ठेवलंय. पण आता ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागू आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेलाच पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते कोर्ट आधी धरून चालतं. म्हणजे जो मालक भीतीपोटी तोंडी व्यवहार करतो तोच जास्त अडचणीत येतो. आम्ही एका ठिकाणी गावातल्याच वकिलाला पेठेत दोन रविवार बसवलं, लिव्ह अँड लायसन्सचा साधा मराठी मसुदा करून घेतला, आणि सहा महिन्यांत सात शटर वर गेली. सगळी नाही गेली, वाटणीवाली तशीच आहेत, त्यांच्या नादी मी लागत नाही, त्यात वर्षं जातात. पण नुसतं शटर बंद असलं तरी त्याच्यासमोरचा ओटा रिकामा असतो, तिथे मालकाच्या परवानगीने फुलवालीला, रसवंतीला बसू द्या, पडलेल्या दातासारखी ती अंधारी जागा तेवढीच भरून निघते.

माडीबद्दल लोक विचारच करत नाहीत. पूर्वी व्यापारी दुकानाच्या वर राहायचा, म्हणून रात्री दुकान बंद झालं तरी वर दिवा असायचा, खिडकीतून आवाज यायचा, पोरं खाली खेळायची. मग सगळ्यांनी बायपासकडे बंगले बांधले आणि माडीवर खोकी आली. आठ वाजता सामसूम होण्याचं निम्मं कारण तिथे आहे. माडीवर परत कुटुंबं येतील का, थोडी येतील, भाड्याने राहणारे तरुण शिक्षक, बँकेतली बदलीवर आलेली माणसं यांना गावात जागा हवीच असते, पण त्यासाठी वर नळ आणि संडास नीट करावा लागतो. त्याहून लवकर होणारी गोष्ट म्हणजे अभ्यासिका. आज कुठल्याही तालुक्याच्या गावात स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी शेकड्याने आहेत आणि त्यांना बसायला जागा हवी असते. ही पोरं सकाळी सातला येतात, रात्री दहाला जातात. एका माडीवर चाळीस खुर्च्यांची अभ्यासिका काढली की खाली पोहे-चहाची गाडी, झेरॉक्स, स्टेशनरी, मेस, हे सगळं न बोलावता येतं, आणि मुख्य म्हणजे रात्री साडेनऊला मुली पेठेतून घोळक्याने बोलत घरी जाताना दिसतात. ते दृश्य ज्या पेठेत आहे तिथे बाकीच्या बायकाही यायला घाबरत नाहीत. तुमच्या गावात जुनं सार्वजनिक वाचनालय नक्की असेल, बहुतेक पेठेतच किंवा मागच्या गल्लीत. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता असेल तर त्यांना वर्गवारीनुसार अनुदानही मिळत असतं, जागा असते, माणूस असतो, फक्त संध्याकाळी सातला कुलूप लागतं. त्यांच्या कार्यकारिणीशी बोला. मला विचाराल तर सगळ्या गावात पहिलं दार मी तेच ठोठावेन.

फेरीवाल्यांबद्दल तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे, ‘भाजीवाल्यांनी रस्ता अडवलाय, त्यांना हलवलं तर गिऱ्हाईक येईल का’. नाही येणार, उलट जाईल. रोज पेठेत येण्याचं कारण भाजी असते, साडी नसते. साडीसाठी माणूस वर्षातून चारदा येतो, कोथिंबिरीसाठी रोज. गोव्यातल्या म्हापशाचा शुक्रवारचा बाजार कधी निवांत बघा, केळी, मडकी, सुकी मासळी, चवरीस म्हणजे तिथलं सॉसेज, फुलं, प्रत्येकाची जागा ठरलेली, आणि आजूबाजूची पक्की दुकानं त्याच गर्दीवर चालतात. हलवायचं नाही, लावायचं. त्याला कायदाही आहे, पथविक्रेता अधिनियम २०१४. त्याप्रमाणे शहर पथविक्रेता समिती असायला हवी, तिच्यात कमीत कमी ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडून आलेले आणि त्यातल्या एक तृतीयांश बायका, आणि सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिल्याशिवाय कोणाला उठवता येत नाही. बऱ्याच छोट्या गावांत ही समिती कागदावरच असते, तुम्ही व्यापाऱ्यांनीच ती जिवंत करा म्हणून मागणी केली तर सगळे चकित होतील. मग एकत्र बसून खडूने रेषा मारा, दुकानाच्या दारासमोर चालायला एवढी जागा मोकळी, त्याच्या पलीकडे भाजीवाल्याची पाटी, आणि छत्र्यांची उंची अशी की दुकानाचा बोर्ड झाकला जाणार नाही. भांडणं निम्मी बोर्डावरूनच होतात.

पार्किंगचं एकदा मोजून बघा. सकाळी साडेदहाला दुकानांसमोर ज्या टू-व्हीलर लागलेल्या असतात त्या कोणाच्या? मी जिथे जिथे मोजल्या तिथे निम्म्याच्या वर गाड्या स्वतः दुकानदारांच्या आणि नोकरांच्या निघाल्या, दिवसभर एकाच जागी उभ्या. त्या देवळामागच्या मैदानात लावायचं ठरवलं तर एका दिवसात पेठ रुंद होते, एक रुपया न खर्चता. पहिली गाडी तुमची स्वतःची न्या, तरच बाकीचे ऐकतील. वाहनबंदी एकदम लादू नका. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद करतात, लोक रस्त्यावर मोकळे चालतात, पोरं खेळतात, ते बघून यायला हरकत नाही. तुमच्याकडे शनिवारी संध्याकाळी सहा ते साडेनऊ एवढंच करा, महिनाभर, आणि गल्ला लिहून ठेवा. पटलं तर पुढे.

आता हे सगळं करणार कोण. इथेच बहुतेक गावं अडतात. व्यापारी संघ असतो, पण अध्यक्षाचं स्वतःचं दुकान असतं, तो दिवाळीत आणि लग्नसराईत बैठकीलाही येऊ शकत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात नेमका आपल्यासारखाच प्रकार झाला होता, गावाबाहेर हायवे आणि मॉल झाले, गावातल्या मेन स्ट्रीट ओस पडल्या. तिथल्या जुन्या वास्तू जपणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने, नॅशनल ट्रस्टने, १९७७ मध्ये तीन छोटी गावं निवडली, इलिनॉयमधलं गेल्सबर्ग, इंडियानामधलं ओहायो नदीकाठचं मॅडिसन आणि साउथ डकोटामधलं हॉट स्प्रिंग्ज. त्यांनी जुन्या इमारती पाडायच्या नाहीत असं ठरवलं आणि दर गावात एक पूर्णवेळ पगारी माणूस नेमला, ज्याचं काम फक्त ती पेठ. दुकानदारांना एकत्र आणायचं, रिकाम्या जागेला भाडेकरू शोधायचा, दर्शनी भागावरचे पत्रे आणि फलक काढून मूळचं बांधकाम मोकळं करायचं, कार्यक्रम लावायचे. त्यातून १९८० मध्ये कायमचं केंद्र झालं आणि ती पद्धत पुढे देशभरातल्या शेकडो गावांत पसरली. त्यांची सगळी पद्धत आपल्याला लागू नाही, आपल्याकडे भाडे कायदा वेगळा, रस्ता वेगळा, माणसं वेगळी. पण पगारी माणूस ही गोष्ट मी तिकडून उचलली आणि जिथे ती झाली तिथेच काम टिकलं.

हिशोब अवघड नाही. दीडशे दुकानं, महिन्याला दोनशे रुपये, झाले ३० हजार. सगळे देणार नाहीत, ऐंशी-नव्वद दिले तरी गावातल्याच एखाद्या शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला सुरुवातीचा पगार निघतो. नोंदणीकृत संस्था असू द्या, खातं बँकेत, दोन सह्या, आणि दर महिन्याचा जमाखर्च पेठेतल्या फळ्यावर खडूने लिहा. फळ्यावर लिहिलेला हिशोब बघून न देणारेसुद्धा द्यायला लागतात, हे मी पाहिलंय. पहिल्या वर्षी त्या माणसाला तीनच कामं सांगा, स्वच्छतागृह चालू ठेवणं, दहा शटर उघडणं, शनिवारची संध्याकाळ.

शनिवारी काय करायचं यावर फार डोकं खपवू नका, मोठा महोत्सव, सेलिब्रिटी, डीजे यात पैसा एका रात्रीत जातो आणि सोमवारी पेठ होती तशीच. गावात भजनी मंडळ असतं, शाळेचं लेझीम पथक असतं, बचत गटाच्या बायका असतात ज्या थालीपीठ, पुरणपोळी उत्तम करतात. व्याख्यानमाला तर आपल्या रक्तातच आहे, न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला १८७५ मध्ये सुरू केली आणि पुढे गावोगाव तशा मालिका झाल्या. तुमच्याकडेही असेल, फक्त ती आता बायपासवरच्या मंगल कार्यालयात होत असेल कारण तिथे पार्किंग आहे. ती देवळासमोरच्या पटांगणात परत आणा, संध्याकाळी सात ते साडेआठ. व्याख्यान सुटल्यावर दोन-तीनशे माणसं पेठेतून चालत जातात, तेव्हा दुकानं उघडी ठेवा, बंद शटरांसमोरून त्यांना नेऊ नका. २०१७ च्या दुकाने कायद्याने वेळेची आडकाठी उरलेली नाही, आठवड्याचे सगळे दिवस दुकान उघडं ठेवता येतं, कामगारांना त्यांची सुट्टी मिळाली पाहिजे एवढंच.

ऑनलाइनची भीती तुम्ही लिहिलीय ती खरी आहे, मोबाइलचं कव्हर आणि टी-शर्ट परत येणार नाहीत, त्यात जीव अडकवू नका. पण पैठणीचा पदर हाताला लागल्याशिवाय कोणी घेत नाही, ब्लाऊज शिवून देणारा शिंपी मोबाइलमधून येत नाही, नऊवारी नेसवून दाखवणारी बाई तर नाहीच. तुमच्या शेजारी शिंपी, फॉल-पिकोवाली, बांगडीवाला आहे का बघा. असेल तर चौघे मिळून बस्त्याचा एकत्र दर ठरवा, जेवणाची सोय खानावळीवाल्याकडे, जीप लावायला जागा मैदानात, आणि येणाऱ्या कुटुंबाला आधी फोनवर वेळ द्या. पुढच्या लग्नसराईला एकच बस्ता असा पूर्ण, टॉवेल-टोपीसकट, पेठेत झाला तरी बाकीचे दुकानदार आपणहून तुमच्याकडे येतील.

ठरावाची बैठक कधी आहे ते कळवा, जमलं तर मी येते. तोपर्यंत वहीचं काम करून ठेवा. आणि तुमच्या दुकानाच्या पायरीपासून बायकांसाठीचं सगळ्यात जवळचं स्वच्छतागृह किती पावलांवर आहे ते स्वतः चालून मोजा, कुलूप आहे का बघा, आणि असेल तर किल्ली कोणाकडे असते ते विचारून या. शक्यतो घरातल्या कोणाला तरी सोबत न्या, आईला किंवा वहिनींना, आणि त्या आत जाऊन आल्यावर काय म्हणतात ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा.